मायला सांगावं लागायचं

आमच्या घरात कुणी कुणाला मनातलं बोलून दाखवत नसे. तशी गरजच पडायची नाही. उंबऱ्यातून आत येणाऱ्याच्या तोंडाकडं मायनं एकदा पाहिलं की तिला कळायचं. शाळेत पाटी फुटली, मैत्रिणीनं बोलणं टाकलं, पोटात दुखायलंय, यातलं काही मी आपणहून सांगितल्याचं मला आठवत नाही. दप्तर खुंटीला अडकवायच्या आत ती चुलीपासून विचारायची, "काय झालं?" आणि मग मला रडू यायचं.

आप्पांचं सोनपेठात किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधल्या दाराला गोणपाटाचा पडदा. आम्ही लिंगायत. माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, लग्न होऊन झरी गावाकडं गेलेली. घरात मी, माय आणि आप्पा. आप्पा उर्दू शाळेत शिकलेले, हिशोबी, सरळ आणि अतिशय कमी बोलणारे. गिऱ्हाइकाशी लागेल तेवढं बोलायचे आणि घरात त्याहून कमी. त्यांचं सगळं बोलणं मायच त्यांच्या चेहऱ्यावरून काढून घ्यायची. "आज तुमचं मन थाऱ्यावर न्हाई," ती म्हणायची, आणि आप्पा ताटावरून मान वर न करता "हूं" म्हणायचे. एवढ्यावर दोघांचं होऊन जायचं.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया दुकानात यायच्या. माय पडद्याआडून बघत असायची. मेंढरं घेऊन दरसाल आमच्या शिवारात उतरणारी एक धनगरीण होती. एकदा ती मीठ न्यायला आली आणि नेहमीसारखीच बाजूला उभी राहिली. मायनं पडदा सारला.

"आत ये. लेकराला बरं न्हाई ना?"

ती बाई आहे तिथंच खाली बसली. लेकरू तीन दिवसांपासून तापानं फणफणत होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मायनं आप्पांना वैद्याकडं पाठवलं. लेकरू वाचलं. पुढं ती बाई गावात आली की आधी मायकडं येऊन बसायची, मग बाजाराला जायची.

निजामाची राजवट संपवणारं पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. त्या दिवसांत गावं भेदरलेली होती. कोण कुणाचं, ते कळत नव्हतं. एका दुपारी दोन अनोळखी माणसं दुकानासमोर येऊन थांबली. मागं एक म्हातारी. आप्पा फळ्या लावायला लागले. माय पडद्यातून म्हणाली, "लावू नका. त्यांच्या तोंडावर राग न्हाई, भ्या हाय. पाणी द्या." ती माणसं शेजारच्या एका गावातून जीव घेऊन निघाली होती. दोन दिवस ती आमच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या आड राहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पुढं गेली. आप्पांनी तेव्हा मायवर का विश्वास ठेवला, हे मला त्या वयातही विचारावंसं वाटलं नाही. तिला कळायचं, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

मी बारा वर्षांची झाले त्या साली ते गेलं.

सकाळची वेळ होती. माय न्हाऊन पाटावर लिंगपूजेला बसली होती. आमच्यात गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात, त्याला पाणी घालतात, विभूती लावतात, बेल वाहतात, आणि त्याच्याकडं एकटक बघत बसतात. मी शेजारी भाजी निवडत होते. टक् असा बारीक आवाज झाला म्हणून मी वर पाहिलं. लिंग फरशीवर पडून माझ्याकडं घरंगळत येत होतं. मायचा डावा हात मांडीवरून खाली लोंबत होता. उजव्या हातानं ती बेलाचं पान उचलत होती आणि जिथं तळहात असायला हवा होता तिथं हवेत सोडत होती. एक पान सोडलं, दुसरं सोडलं. लिंग पडलं हे तिला समजलंच नव्हतं. समजलं असतं तर ती तशी बसून राहिली नसती. प्राण गेला तरी लिंग हातचं सोडू नये असं मानणारी ती बाई.

मी आप्पांना बोलावलं. ते आले, त्यांनी आधी लिंग उचलून कपाळाला लावलं आणि मग मायला धरलं. तिच्या तोंडाची डावी बाजू ओघळली होती.

बैलगाडीत गादी टाकून आम्ही तिला स्टेशनापर्यंत नेलं आणि तिथून रेल्वेनं परभणीला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे होते, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी मायचा डावा पाय टोचून पाहिला, हात उचलून सोडून पाहिला. मग ते आप्पांना म्हणाले, "दिमाग के सीधे बाजू को मार लगा है. इस वास्ते उलटा हाथ गया, उलटा पाँव गया. जुबान बच गई, शुक्र करो."

आप्पांनी मला समजावलं, "मेंदूच्या उजव्या अंगाला धक्का बसलाय, म्हणून डावं अंग गेलंय. वाचा ऱ्हायली."

वाचा राहिली याचं आम्हाला सगळ्यांना केवढं बरं वाटलं होतं. माय सगळ्यांना ओळखत होती. दुकानात गूळ आलाय का, म्हैस दूध देते का, नीट विचारत होती. तिच्या आवाजात काहीतरी कमी होतं, पण आजारी माणसाचा आवाज तो, असंच आम्ही धरून चाललो.

महिन्याभरानं आम्ही तिला घरी आणलं. खाट स्वयंपाकघरातच टाकली. माझी शाळा सुटली. स्वयंपाक, धुणं, मायचं सगळं माझ्याकडं आलं. पुष्कळ गोष्टी नव्यानं कळायला लागल्या. ती ताटातली उजव्या बाजूची भाजी खायची आणि डावीकडची तशीच ठेवायची. भाकरी बरोब्बर अर्धी उरायची. "पोट भरलं का?" विचारलं तर म्हणायची, "वाढलंसच कुठं?" मग मी ताट फिरवून ठेवायची. डावीकडून कुणी आलं तर तिला पत्ता लागायचा नाही. हळूहळू ते सुधारलं. वर्षभरात ती काठी टेकत परसात जाऊ लागली. उजव्या हातानं निवडणं, टिपणं करू लागली. लिंगपूजेला मी तिचा डावा हात धरून बसायची.

पण जे सुधारलं नाही, त्याला काय म्हणावं ते आम्हाला ठरवता येत नव्हतं.

ती धनगरीण आली. मायच्या आजाराचं तिला वाटेतच कळलं होतं. खाटेजवळ येऊन ती उभी राहिली, मायचा लुळा हात हातात घेतला आणि तिला हुंदका आवरेना. दात घट्ट दाबून ती रडत होती. माय तिच्याकडं बघत राहिली आणि सपाट आवाजात म्हणाली, "हसायला काय झालं?"

त्या बाईनं हात सोडला. थोडा वेळ बसली, पाणी प्याली, गेली. पुन्हा ती आमच्याकडं आली नाही. मला तिच्या मागं जाऊन काही सांगता आलं असतं, पण काय सांगणार होते? मलाच समजत नव्हतं. गावात बोलणं झालं की आजारानं बाईचं काळीज दगडाचं झालं. मलाही तेच वाटत होतं. आणि आप्पांनाही, हे त्यांच्या वागण्यावरून दिसायचं. ते दुकानातून उशिरा आत यायला लागले. जेवायचे, मायच्या खाटेकडं एकदा बघायचे. पूर्वी ती काहीतरी म्हणायची आणि हे "हूं" म्हणायचे. आता ती काहीच म्हणायची नाही. घरात नुसत्या ताटवाट्यांचा आवाज.

एके दिवशी दुपारी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. शाळा भरून सुटायची ती वेळ. माझ्या वर्गातल्या तिघी आमच्या मागच्या बोळातून गेल्या. त्या नव्या मराठी पुस्तकातली कविता घोकत चालल्या होत्या. उर्दू जाऊन आमच्या शाळेत मराठी येऊन फार दिवस झाले नव्हते आणि ती पुस्तकं मला फार आवडायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माय खाटेवरून माझ्याकडं बघत होती. अगदी समोरून, सरळ.

"लाकडं वली हायत," ती म्हणाली. "धूर डोळ्यात चाललाय तुझ्या. फुकणी घे."

मला राग आला. आजवर मायवर आला नव्हता इतका. मी हातातलं पीठ परातीत टाकलं.

"धूर न्हाई, माय. मी रडायलेय."

ती डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिली, सुईत दोरा ओवताना बघतात तशी.

"का रडायलीस?"

"माझी शाळा सुटली म्हणून. मला लय वाईट वाटायलंय."

"इकडं ये," ती म्हणाली. आवाज तसाच, पाण्याची घागर भर म्हणावं तसा. पण मी जवळ गेल्यावर तिनं उजव्या हातानं माझं डोकं स्वतःच्या छातीशी ओढून घेतलं, आणि तो हात आधीचाच होता. मी तिच्या छातीला कान लावून बसले. मला कळलं की माय आहे. आत आहे.

संध्याकाळी आप्पा जेवायला बसले तेव्हा ती म्हणाली, "पोरीला शाळेत घाला. ती रडती. तिनं सांगितलं मला." आप्पांनी मान वर करून आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या एका विधवा बाईला दुपारपर्यंत मायजवळ बसायला सांगितलं आणि मला शाळेत नेऊन सोडलं.

त्यानंतर मायनं एक रीत धरली. मी घरात आले की ती विचारायची, "तुझं तोंड आत्ता कसं हाय? सांग." सुरुवातीला मला लाज वाटायची. मला आनंद झालाय, मला राग आलाय, मला एकटं वाटायलंय, असं कुणी तोंडानं बोलतं का? आमच्यात तर नाहीच. पण बोलावंच लागायचं. बोलले नाही तर ती तशीच वाट बघत राहायची.

अक्काचं पहिलं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं, तेव्हा मी सातवीत होते. सासरच्यांनी तिला थोडे दिवस माहेरी आणून सोडलं. ती गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना. तिनं पदर नीट केला, आत आली आणि मायच्या खाटेपुढं उभी राहिली. बाळ गेल्याचा निरोप आम्हाला आधी मिळाला होता आणि मी मायला सांगितलंही होतं. माय त्या दिवशी जेवली नव्हती. पण अक्काला ते कुठं ठाऊक होतं? तिला एवढंच दिसलं की आईनं तिच्याकडं पाहिलं, आईच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही, आणि आई म्हणाली, "बस. जेवलीस का?"

अक्का जेवली नाही. मागच्या दारी जाऊन बसली. मी गेले तर म्हणाली, "मला उद्या परत पोचवायला सांग आप्पांना."

"का गं?"

"तिथं सासू तरी रडती माझ्यासंगं."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. मायला आता तोंड बघून कळत नाही, तिला शब्दांनी सांगावं लागतं. अक्का माझ्याकडं बघतच राहिली.

"माझं लेकरू गेलं, हे माझ्या आईला मी समजावून सांगायचं?"

"लेकरू गेलं ते तिला म्हाईत हाय. तुला काय व्हायलंय ते सांग."

ती उठली नाही. दिवस कलला. आप्पा दुकानातून आत आले, आम्हा दोघींना मागच्या पायरीवर बसलेलं पाहून थबकले आणि परत दुकानात गेले. शेवटी मीच अक्काचा हात धरून तिला आत नेलं. ती मायसमोर खाली जमिनीवर बसली. मग ती खाली बघून बोलायला लागली.

"माय, माझं दूध अजून सुटतंय. लुगडं भिजतं. सकाळी जाग येती तवा मला वाटतं ते बाजूला हाय. हात लावून बघते. मग ध्यानात येतं. मला जगू वाटंना, माय."

माय ऐकत होती. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि मग डाव्याही. चेहरा तसाच होता, भिंतीवर पाणी ओघळावं तसा. ती म्हणाली, "माझ्याजवळ ये. मला खाली बसता येत न्हाई." अक्का खाटेवर चढली आणि लहान पोरीसारखी तिच्या उजव्या अंगाला निजली.

"तू आलीस तवा मला तुझं तोंड दिसलं," माय म्हणाली. "नाक दिसलं, डोळे दिसले, कुंकू दिसलं. माझी लेक हाय, कळलं. पर त्यात काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई आता. आप्पाच्या उर्दू कागदावानी. लिवलेलं हाय, एवढंच दिसतं. तू बोललीस म्हणून कळलं."

अक्का दोन महिने राहिली. तिचं पुढं तीन मुलांचं घर झालं. पण त्या दोन महिन्यांबद्दल ती म्हातारपणीही म्हणायची की एवढं आईशी ती आधी कधी बोलली नव्हती.

पुष्कळ वर्षांनी, माझी शाळेतली नोकरी संपत आली होती तेव्हा, मी मेंदूच्या एका डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. माणूस ओळखणं वेगळं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखणं वेगळं, ते म्हणाले. बोलायचं, शब्द समजायचं काम बहुतेकांच्या मेंदूचा डावा अर्धा भाग करतो. चेहऱ्यावरचं सुखदुःख टिपायचं काम दोन्ही बाजू करतात, पण त्यात उजवी बाजू जास्त तरबेज असते, आणि आवाजातला चढउतारही बराचसा तिच्याचकडं असतो. तुमच्या आईचा उजवा भाग दुखावला, म्हणून शब्द राहिले आणि चेहरे गेले. तुमच्या आईंना वाटत होतं सगळं. बाहेरचं आत यायची एक वाट बंद झाली होती, आणि आतलं बाहेर जायचीही. हे ऐकून घरी येताना मला सारखी ती धनगरीण आठवत राहिली.

मायला चेहरा वाचता येत नाही याचा आणखी एक अर्थ होता, आणि तो आमच्या लक्षात यायला वेळ लागला. तिच्याशी आता कुणालाही खोटं बोलता येत होतं.

मी परभणीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. दिवाळीला घरी आले आणि आप्पांना पाहून दारातच थांबले. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून लोंबत होता, उठताना ते पोटावर हात दाबून धरत होते. संध्याकाळी मायनं त्यांना विचारलं, "तुमचं तोंड आज कसं हाय?"

"बरं हाय," आप्पा म्हणाले.

"बरं हाय म्हणाले," माय मला म्हणाली. तिला बरं वाटलं होतं.

मी दुकानात गेले. आप्पा काटा पुसत होते. मी विचारल्यावर म्हणाले की पाच-सहा महिन्यांपासून पोटात दुखतं, वैद्याचं औषध चालू आहे.

"मायला सांगितलंत का?"

"तिला कशाला? ती आधीच तशी."

आप्पांशी मी कधी वर तोंड करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आप्पा, आधी तुमी लपवलं असतं तरी तिला दिसलं असतं. आता तिला न्हाई दिसत. तुमी जे सांगता तेवढंच तिच्याकडं हाय. ते बी खोटं असंल तर ती घरात एकटीच हाय."

ते काटा पुसत राहिले. मला वाटलं त्यांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते दुकानात गेले नाहीत. मायच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. मी भांडी घासत होते, ती तशीच हातात राहिली.

"माझ्या पोटात दुखतंय," ते म्हणाले. "सहा महिने झाले. मी तुला बरं हाय म्हणायचो, ते खोटं होतं."

"किती दुखतंय?"

"लय."

मायनं विचारलं, "भ्या वाटायलंय का?"

आप्पांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. इतक्या हळू की भांड्यावर पाणी पडलं असतं तर त्यांचा शब्द ऐकू आला नसता, ते म्हणाले, "वाटायलंय."

"बरं झालं सांगितलंत," माय म्हणाली, आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर उजवा हात ठेवला.

आप्पांना परभणीला नेलं. पोटात गाठ होती आणि ती फार वाढली होती. ते घरी परत आले. अक्का मुलांना घेऊन राहायला आली. मी सुटी मिळेल तेव्हा यायची. त्या चार-पाच महिन्यांत आप्पा जितकं बोलले तितकं आधीच्या तीस वर्षांत बोलले नसतील, असं अक्का म्हणायची. त्यांची खाट मायच्या खाटेला लावली होती, मायच्या उजव्या बाजूला. माय विचारायची आणि ते सांगायचे. आज कमी दुखतंय. आज झोप न्हाई. आज मला माझ्या आईची आठवण झाली. आज तुझा राग आला, तू पाणी उशिरा मागवलंस. एकदा मी आत गेले तर ते सांगत होते, "तुला आणलं तवा तू मला आवडली न्हवतीस. लय बारकी होतीस. मग आवडलीस." माय म्हणाली, "म्हाईत होतं. तवा मला दिसायचं."

महाराष्ट्र व्हायच्या थोडं आधी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, आप्पा गेले.

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून ठेवतात. आप्पांना न्हाऊ घालून, कपाळाला विभूती लावून, हार घालून पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते. खोली बायकांनी भरली. खेड्यापाड्यांतून आलेल्या, दुकानाच्या जुन्या ओळखीच्या. अक्का आणि मी रडत होतो. आम्ही मायला आप्पांच्या समोर पाटावर बसवलं होतं. ती त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. डोळेही कोरडे होते.

मागून कुजबुज सुरू झाली. एकीचा आवाज जरा मोठा निघाला. "एक टिपूस न्हाई बाई. दगड हाय नुसता." अक्का ताडकन वळली. मी तिचा हात धरला.

मायनं ऐकलं होतं. तिनं काठी मागितली नाही, उठायचा प्रयत्न केला नाही. फक्त मान बायकांकडं वळवली आणि त्याच सपाट, वर-खाली न होणाऱ्या आवाजात बोलली.

"मला लय दुख व्हायलंय. माझ्या तोंडावर ते येत न्हाई. आजारानं तसं झालंय. आन् तुमची तोंडं बी मला समजत न्हाईत. तुमी रडायलाव का नुसत्याच बसलाव, मला कळंना. ज्येला काही वाटत असंल त्यानं मला बोलून सांगा."

जंगमस्वामीही थांबले. दुखवट्याच्या घरात बायका गळा काढतात, छाती बडवतात, गेलेल्याचे गुण आळवतात. ते सगळ्यांना येतं. हे कुणालाच येत नव्हतं. मग दुपारी मायजवळ बसणारी ती शेजारची विधवा बाई पुढं सरकली, मायच्या उजव्या बाजूला बसली आणि अडखळत म्हणाली, "मला वाईट वाटायलंय. तुमच्या मालकानी मला कधी वाकडा शब्द बोलला न्हाई."

"बरं," माय म्हणाली.

दुसरी आली. "मला तुमची काळजी वाटायलीय. कसं व्हईल तुमचं."

मग आणखी एक. ज्या बाईनं दगड म्हटलं होतं तीही शेवटी आली. ती म्हणाली, "मी बोलले ते चुकलं. मला लाज वाटायलीय." मायनं तिच्याही तोंडाकडं पाहिलं, नेहमीसारखं डोळे बारीक करून, आणि मान हलवली. आप्पांना न्यायची वेळ झाली तेव्हा तिनं आम्हाला तिला उभं करायला सांगितलं आणि उभ्यानं त्यांना निरोप दिला.

दुकान आम्ही चुलत्यांच्या हाती दिलं. मला परभणीत नोकरी लागली आणि मी मायला तिथं नेलं. माझं लग्न झालं, नवराही शिक्षकच. त्यालाही तिची रीत शिकून घ्यावी लागली. तो आधी संकोचायचा, मग दारातूनच सांगायला लागला, "आई, आज डोकं फिरलंय माझं, थोड्या वेळानं बोलतो."

मला मुलगी झाली. माय तिला उजव्या मांडीवर घेऊन तासन् तास बसायची. तान्ह्या पोरीला कुठले शब्द? तिचं सगळं बोलणं तोंडावरच चालायचं, आणि मायला तेवढंच कळत नव्हतं. पोर रडली तर आवाजानं समजायचं. नाही रडली तर माय दर थोड्या वेळानं मला हाक मारायची, "आता काय करायलीय ही?"

मी चुलीपासून उठून येऊन बघायची आणि सांगायची, "हसायलीय, माय. तुझ्याकडं बघून."

"हसायलीय," माय पोरीला सांगायची, आणि तिच्या गालावर बोट फिरवून बघायची.

पोर बोलायला लागायच्या आत माय गेली.